खेळता खेळता बंद पडणारा पीसी : पैसे खर्च करण्याआधी काय तपासायचं

गेममध्ये ऐन रंगात असताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, स्क्रीन काळी होते, पंखे थांबतात. असेंबल केलेला पीसी असा बंद पडायला लागला की दोन सल्ले लगेच मिळतात. ‘फॉरमॅट मार’ हा एक आणि ‘एसएमपीएस बदल’ हा दुसरा. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. पहिला बहुतेक वेळा वाया जातो. दुसरा कधी बरोबर निघतो, कधी पाच-सहा हजारांना उगाच पडतो. लालबाग-परळपासून भांडुपपर्यंत नातेवाइकांचे आणि मित्रांचे असे पीसी मी बरीच वर्षं उघडत आलोय. त्यातून माझं ठाम मत झालंय की शोधाची सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करायची, आत आत जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालला, तर तो कशामुळे चालला ते कधीच कळत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद पडला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

आधी बघा, कसा बंद पडतो

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. पीसी बंद पडला की तारीख, वेळ, कोणता गेम, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं, हे लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की निम्मं काम होतं. कारण ‘बंद पडतो’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे आजार दडलेले असतात.

निळी स्क्रीन येऊन पीसी रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसकडे धावू नका. तिथे ड्रायव्हर, रॅम, क्वचित प्रोसेसर हे संशयित आहेत. विंडोज अशा वेळी आपोआप रीस्टार्ट करतं, त्यामुळे निळी स्क्रीन डोळ्यांना दिसतही नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबखाली ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे. तिथली आपोआप रीस्टार्टची टिक काढून टाका, म्हणजे पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचा कोड वाचता येईल.

स्क्रीन काळी झाली, पण पंखे फिरतायत आणि हेडफोनमध्ये मित्रांचा आवाज येतोय? मग पीसी बंदच पडलेला नाही. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल बघा.

गेम आधी अडखळायला लागतो, पंखे घोंघावतात आणि मग सगळं बंद होतं, तेव्हा उष्णतेचा संशय धरा. काहीही इशारा न देता, वायर उपटावी तसं सगळं एका क्षणात गेलं, तर प्रश्न विजेचा आहे. भिंत, बोर्ड, यूपीएस, एसएमपीएस, यांपैकी काहीतरी.

आणि एक खूण सोन्यासारखी आहे. बंद पडल्यावर कॅबिनेटचं बटण कितीही दाबलं तरी पीसी चालू होत नाही, पण मागचा स्विच बंद करून अर्धा-एक मिनिट थांबलं की मुकाट्याने चालू होतो. याचा अर्थ एसएमपीएसमधलं संरक्षण पडलंय. जास्त करंट, शॉर्ट किंवा व्होल्टेजची गडबड दिसली की चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि मागून वीज तोडेपर्यंत तसाच राहतो. हे दिसलं तर वहीत ठळक लिहून ठेवा.

विंडोजची नोंदवही

स्टार्ट मेनूमधून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’वर जा आणि बंद पडल्याच्या वेळेजवळ काय आहे ते बघा. तिथे हमखास ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद सापडेल, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ‘पॉवर’ शब्द दिसला की तो थेट नवा एसएमपीएस घ्यायला निघतो. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः प्लग काढलात तरी हीच नोंद पडते. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा सगळं जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर आधी निळी स्क्रीन आली होती. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर बंद केलंय, म्हणजे बिघाड नाहीच. आणि डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरमधल्या, चुका दिसल्या तर प्रोसेसर, रॅम किंवा ओव्हरक्लॉकिंगकडे (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) वळा.

भिंत, बोर्ड आणि यूपीएस

मुंबईत वीज जात नाही हा आपला अभिमान. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराच्या मोठ्या भागात वीज गेली, लोकल थांबल्या, त्या दिवसाची आठवण आजही निघते ती असं क्वचित होतं म्हणूनच. याच विश्वासामुळे भिंतीवर संशय कुणी घेत नाही. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी नाहीतर टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. वीज कुणाचीही असली तरी मीटरच्या अलीकडची वायरिंग तुमची असते, आणि जुन्या इमारतींमध्ये ती कधी कधी तुमच्या वडिलांच्या वयाची असते.

माझ्याच घरातली गोष्ट. पीसी दिवसातून एकदा जायचा, वेळ ठरलेली नाही. मी रॅम काढून बघितली, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली. शेवटी एक्स्टेन्शन बोर्डातला प्लग काढला तर एका पिनेभोवती तपकिरी कडं आलेलं आणि तिथलं प्लास्टिक जरा मऊ पडलेलं. सॉकेटची आतली पट्टी सैल झाली होती. पिनेशी नीट चिकटत नव्हती, ठिणग्या पडत होत्या, आणि माझी खुर्ची बोर्डाला लागली की वीज क्षणभर तुटायची. त्या दिवसापासून मी कुणाकडे गेलो की कॅबिनेट उघडण्याआधी प्लग बघतो.

तुम्हीही तसंच करा. बटण बंद करा, प्लग काढा आणि पिना बघा. काळपट डाग, जळका वास, गरम लागणारा बोर्ड, यांपैकी काहीही असेल तर तो बोर्ड टाकून द्या, दुरुस्त करत बसू नका. एसएमपीएसच्या मागे जाणारी केबल पूर्ण आत बसली आहे ना, तेही बघा. मग पीसी काही दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. मध्ये एक्स्टेन्शन नको, यूपीएस नको. मध्यम गेमिंग पीसी पूर्ण जोरात ४००-५०० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर पावणेदोन ते सव्वादोन अँपिअर. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला हे जड नाही. पण त्याच बोर्डवर इस्त्री किंवा किटली लावली तर गणित बिघडतं. वहीत ‘फ्रिज सुरू झाला’, ‘एसी लावला’, ‘लाइट मिचकावली’ अशा नोंदी असतील तर दोष घरच्या लाइनमध्ये शोधा.

यूपीएसचं सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो. अभ्यासाच्या कॉम्प्युटरला तो पुरतो. पण ४०० वॅट खाणारा पीसी आणि वर मॉनिटर जोडलात, तर वीज आहे तोवर सगळं सुरळीत दिसतं आणि व्होल्टेज किंचित पडून यूपीएस बॅटरीवर गेला रे गेला की ओव्हरलोडने सगळं बंद. लाइट फक्त मिचकावलेली असते, पीसी मात्र गेलेला असतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर याहून कमी लोडवरही हेच होईल. यूपीएस काढल्यावर आठवडाभर पीसी नीट चालला तर दोषी सापडला.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही, किंवा तुटलंय. हे काम स्वतः करायचं नाही. वायरमनला बोलवा आणि ते होईपर्यंत पीसी लावू नका.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ‘सेन्सर्स’ उघडा आणि लॉगिंग सुरू करून गेम खेळा. पीसी बंद पडला तरी फाइलमध्ये शेवटच्या काही सेकंदांचं तापमान लिहिलेलं राहतं. शेवटची ओळ वाचा. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझनमध्ये मॉडेलप्रमाणे साधारण ९० किंवा ९५. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर जोराच्या कामात मुद्दाम ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत, त्यामुळे तो आकडा बघून घाबरू नका. प्रोसेसर मर्यादेला पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर शेवटी पीसी बंद करतो. म्हणून ७० अंशांवर असताना पीसी गेला असेल तर प्रोसेसरच्या उष्णतेचा मुद्दा मिटला. पुढे चला.

माझ्या पुतण्याचा पीसी लालबागच्या खोलीत पोटमाळ्यावर आहे. खाली स्वयंपाक, वर पत्रा, मे महिना. दर वीस मिनिटांनी बंद. एका दुकानात त्याला मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. मला म्हणाला, “काका, तुम्ही एकदा बघा ना, मग ठरवू.” बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, नुसतं थांबलो तरी प्रोसेसर ऐंशीच्या वर. कॅबिनेट आडवं केलं, टॉर्च मारला. इंटेलबरोबर येणारा कूलर होता, चार प्लास्टिकच्या खुंट्यांचा. तीन खुंट्या मदरबोर्डातून आरपार गेलेल्या, चौथी वरच्या वर टेकलेली. बोटाने कूलर दाबला तर त्या कोपऱ्यात हलला. काढून बघितला तर प्रोसेसरच्या अर्ध्या भागावरची पेस्ट दाबलीच गेली नव्हती, ट्यूबमधून आली तशी जाड पडलेली. आम्ही जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. प्रत्येकीचा ‘टक्’ ऐकला, मग मदरबोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली पाहिली. मदरबोर्ड तोच आहे, आजही चालतोय.

तुमच्याकडेही हेच आधी बघा. कूलर हलतो का? त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली होती का? पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच आहे ना? लिक्विड कूलर असेल तर नुसते पंखे बघू नका, पंप चालतोय का ते बायॉसमधल्या आकड्यावरून बघा. पंप बंद असला तर पंखे जोरात फिरत असूनही तापमान झरझर चढतं.

मग धूळ. आपल्याकडची धूळ कोरडी नसते. पावसाळ्यातली ओल आणि समुद्राची हवा यामुळे ती जाळीवर चिकट थर होऊन बसते, आणि रस्त्यावर खोदकाम चालू असेल तर तीन महिन्यांत फिल्टर बुजतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती भन्नाट फिरू देऊ नका. चिकट थर मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा कपाटाच्या कप्प्यात ठेवू नका. पोटमाळ्यावर ठेवण्याला पर्याय नसेल तर बाजूची काच काढून एकदा खेळून बघा. तापमान दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमधून हवा खेळत नाहीये.

एसएमपीएस

वीज ठीक, तापमान ठीक, तरी पीसी जातोच, तर आता एसएमपीएसची पाळी. कॅबिनेट उघडा पण एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज काही काळ राहते.

त्याच्या बाजूचा स्टिकर वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट असतं, पण आपल्या कामाचा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यात असतो, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. तिथे २५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅटच तुमच्या हाती आहेत. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या एसएमपीएसमध्ये हे नेहमी दिसतं. उलट बाजूने बघा. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचं आहे आणि त्याला कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ३०८० हे ३२० वॅटचं, त्याला ७५०. एवढी जागा सोडण्याला कारण आहे. मोठी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेतात. सरासरी खप कमी दिसत असतो, पण त्या एका उसळीने एसएमपीएसचं संरक्षण पडतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली गेली ती याचसाठी. जुनं ३०८० स्वस्तात घेऊन आधीच्याच ५५० वॅटवर लावणाऱ्यांचे पीसी नेमके मेनूतून गेममध्ये शिरताना बंद पडतात.

संशय पक्का करायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान आधीही ठीक होतं आणि आता बंद पडणं थांबलं, तर बोट एसएमपीएसकडे किंवा त्याच्या केबलकडे जातं. दुसरी पद्धत म्हणजे आधी फक्त प्रोसेसरवर ताण द्या, दहा मिनिटं सिनेबेंच पुरेल. मग फक्त ग्राफिक्स कार्डावर, फरमार्कने. मग दोन्ही एकदम. वेगवेगळे पास आणि एकत्र दिले की बंद, हा एसएमपीएस कमी पडल्याचा जवळपास खात्रीचा पुरावा. मात्र बिननावाचा हलका एसएमपीएस असेल तर ही तिसरी चाचणी करू नका. तो संरक्षणाने बंद होईलच याची खात्री नसते, आणि जाताना कार्ड घेऊन जाऊ शकतो.

नवा घेण्याआधी केबल बघा. आठ पिनांच्या एका जोडणीचं मान १५० वॅट, मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा असतील तर एकाच केबलची दोन टोकं लावू नका, एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एवढ्यावरही काही पीसी सुधारलेत. नव्या कार्डांची सोळा पिनांची जोडणी असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली पाहिजे, फट दिसता कामा नये. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणाऱ्या, एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीच्या केबल कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतली वायरिंग वेगळी असू शकते, आणि चालू करताच हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड जळतो.

मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. पण आकडा नीट आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. क्षणभराची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही.

राहिलेल्या छोट्या गोष्टी

पॉवर बटण दाबल्यावर आत अडकून राहतं का? ते चार-पाच सेकंद दाबलेलं राहिलं तर पीसी बंद होतो, आणि चिकट झालेल्या बटणाने भल्याभल्यांना चकवलंय. मदरबोर्डावरून बटणाची वायर काढा, त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पीसी चालू करा आणि दिवसभर तसाच चालवा.

मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंटे, मोजा. मदरबोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा जास्तीचा राहिला असेल तर तो मागून शॉर्ट करतो. संशय असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवा. बाहेर चालतो आणि आत बंद पडतो, मग दोष कॅबिनेटच्या बाजूला आहे.

रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग, बंद करून बघा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावा. एकही चूक चालत नाही. इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या वर्गातला प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट केलाच पाहिजे. त्यातल्या जास्त व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यायचा. तिथे लक्षण बहुतेक गेम क्रॅश होण्याचं किंवा निळ्या स्क्रीनचं असतं.

लॅमिंग्टन रोडला जाताना

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी शक्य असेल तर मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा, त्याच्या स्वतःच्या केबलसकट. नुसती ही अदलाबदल सगळ्या चाचण्यांपेक्षा जास्त सांगते. दुकानात गेलात तर वही बरोबर न्या. ‘बंद पडतो’ म्हणणाऱ्याला अंदाजाने सल्ला मिळतो. ‘थेट भिंतीवर लावूनही, ६५ अंशांवर असताना, मागचा स्विच बंद केल्याशिवाय चालू होत नाही’ असं म्हणणाऱ्याशी दुकानदार वेगळ्या भाषेत बोलतो. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीचं काम दुकानातून होतं की सर्व्हिस सेंटरवर जावं लागतं ते तिथेच विचारा.

भाग बदलल्यावर लगेच काच लावू नका. ज्या गेममध्ये पीसी जात होता तोच गेम लावा, एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवा, आधी पीसी जेवढ्या मिनिटांनी जायचा त्याच्या तिप्पट वेळ खेळा. आफ्टरबर्नरचा लिमिट पुन्हा १०० टक्क्यांवर आणलाय ना, हे आधी बघा. मग यूपीएस परत जोडा आणि पीसी नुसता डेस्कटॉपवर असताना यूपीएसचा भिंतीतला प्लग एकदा काढा. तो टिकला तर गेम चालू ठेवून हेच पुन्हा करा.